खाणीचे गाव पाहायला जावे, तर तेथे नेमके काय पाहावे?

कसोटी (जळगाव)

आमच्या घरात सोन्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. मूस, आटणी, लगड, कस हे शब्द मी शाळेत जाण्याआधी ऐकले. जळगावच्या सराफ बाजारात लांबलांबच्या गावांहून माणसे येतात ती येथील सोन्याच्या शुद्धतेवर असलेल्या विश्वासामुळे, आणि त्या विश्वासाचा आम्हा सर्वांना मनापासून अभिमान आहे. मात्र हे सोने जमिनीतून कोणी काढले, किती खोलवरून काढले आणि काढणाऱ्याच्या पदरात काय पडले, याविषयी आमच्या पेढीवर कधी बोलणे झाल्याचे मला आठवत नाही. वय वाढले तसा हा प्रश्न मला अधिक छळू लागला आहे.

येत्या नोव्हेंबरात मुलीकडे मेलबर्नला जाण्याचा योग आहे. तेथून सुमारे ११० किलोमीटरवर बॅलरॅट नावाचे शहर आहे. १८५१ मध्ये त्या परिसरात सोने सापडले आणि जगभरातून माणसांची रीघ लागली. पुढे जुन्या खाणी बंद पडल्या. त्यांपैकी एका खाणीच्या जागेवर १९७० मध्ये ‘सॉव्हरिन हिल’ नावाचे उघड्यावरचे संग्रहालय उभे राहिले आणि आज ते शहर त्याच वारशासाठी ओळखले जाते. जावई म्हणतात की मुलांना तेथे फार आवडते. मला मात्र असे विचारायचे आहे की माझ्यासारख्याला तेथे खाणकामगाराचे खरे आयुष्य दिसेल, की केवळ नटवलेली जत्रा दिसेल? आणि जुने खाणगाव पाहायचेच असेल, तर आपल्याच देशातले कोलार आधी पाहावे का? ज्यांनी अशी गावे पाहिली आहेत, त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

तापीकाठ (भुसावळ, सध्या मेलबर्न)

कसोटीकाका, नक्की जा. मेलबर्नच्या सदर्न क्रॉस स्थानकावरून बॅलरॅटसाठी थेट गाडी मिळते आणि साधारण दीड तासात पोहोचता येते. नोव्हेंबरात मेलबर्नला उन्हाळ्याची चाहूल लागलेली असते, पण बॅलरॅट उंचावर असल्यामुळे तेथे गारठा असू शकतो. स्वेटर जवळ ठेवा.

सॉव्हरिन हिलमध्ये १८५० च्या दशकातील वस्ती उभी केली आहे. दुकाने, लोहारशाळा, छापखाना, घोडागाडी, त्या काळच्या पोशाखातील माणसे असे सारे आहे. आपल्याला दोन गोष्टी विशेष भावतील. पहिली म्हणजे ओढ्याकाठी पसरट तव्यात वाळू धुऊन सोन्याचा कण शोधण्याची सोय. सापडेल ते आपले. दुसरी म्हणजे भट्टीत वितळवलेले सोने साच्यात ओतून लगड करण्याचे प्रात्यक्षिक. प्रेक्षकांपैकी बहुतेकांसाठी तो चमत्कार असतो. आपण मात्र ओतणाऱ्याच्या हाताकडे पाहाल. बोगद्यात नेणारी मार्गदर्शित फेरीही आहे. वाफेवर चालणारे गारगोटीचा दगड कुटण्याचे यंत्र सुरू झाले की त्याच्या आवाजात शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही. दिवसभर त्या आवाजात उभे राहणाऱ्या माणसाच्या कानांचे काय झाले असेल, हा विचार माझ्या मनात तेथेच आला.

संग्रहालय पाहून लगेच परतू नका. खरे शहर स्थानकाबाहेर पाऊल टाकताच सुरू होते. लिडियार्ड स्ट्रीटवरची नाट्यगृहे, हॉटेले आणि खाणींचे भाग (शेअर) जेथे विकले-घेतले जात ती ‘मायनिंग एक्स्चेंज’ची इमारत, हे सर्व त्याच सोन्याच्या पैशातून उभे राहिलेले आहे आणि आजही वापरात आहे.

गिरणामाई (चाळीसगाव)

बोगद्यात उतरताना पायऱ्या किती आहेत? माझ्या सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि आम्हीही पुढील वर्षी जाण्याच्या विचारात आहोत.

तापीकाठ (भुसावळ, सध्या मेलबर्न)

गिरणामाई, एका फेरीत उतारावरून गाडीत बसवून खाली नेतात, परंतु आतमध्ये चालावे लागते आणि काही ठिकाणी पायऱ्याही आहेत. वर वस्तीतील रस्ते चढउताराचे आणि खडीचे आहेत. तिकीट काढतानाच गुडघ्यांचा त्रास सांगा, म्हणजे कोणती फेरी झेपेल ते तेथील लोक नीट समजावून सांगतात.

अंजनीतीर (एरंडोल)

माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते मी स्पष्टपणे मांडतो. सॉव्हरिन हिल ही नव्याने रचलेली वस्ती आहे. तेथे जो लोहार दिसतो तो पगारी कलाकार आहे. त्यात गैर काही नाही, पण आपला मूळ प्रश्न काढणाऱ्याच्या वाट्याला काय आले हा आहे, आणि त्याचे उत्तर कोलारला मिळते.

मी बंगळुरूत नोकरीला असताना बंगारपेठहून मारिकुप्पमला जाणाऱ्या गाडीने कोलार गोल्ड फील्ड्‌सला गेलो होतो. १८८० पासून जॉन टेलर अँड सन्स या ब्रिटिश कंपनीने तेथे आधुनिक पद्धतीने खोदकाम सुरू केले. स्वातंत्र्यानंतर खाणी सरकारकडे आल्या आणि २८ फेब्रुवारी २००१ रोजी भारत गोल्ड माइन्सने काम थांबवले. चॅम्पियन रीफची खाण तीन किलोमीटरहून अधिक खोल होती आणि जगातील सर्वांत खोल खाणींमध्ये तिची गणना होत असे. तेथे खडकाचेच तापमान ६० अंशांच्या पुढे जाई. दाबामुळे खडक अचानक स्फोटासारखा फुटे आणि त्यात माणसे जात. १९०२ मध्ये शिवसमुद्रम येथील जलविद्युत केंद्रातून सुमारे दीडशे किलोमीटर लांब तारा ओढून या खाणींना वीज देण्यात आली. बंगळुरू शहरात वीज आली ती त्यानंतर.

आज काय दिसते? गंजलेले लोखंडी मनोरे, साहेबांचे बंगले आणि क्लब, त्यापासून दूर मजुरांच्या एका खोलीच्या रांगा, आणि राखाडी-पांढऱ्या मातीच्या टेकड्या. त्या टेकड्या निसर्गाने केलेल्या नाहीत. सोने काढून घेतल्यावर उरलेला, सायनाइडची प्रक्रिया झालेला दगडाचा चुरा तेथे शंभर वर्षे साठत गेला. वारा सुटला की तो चुरा घराघरांत शिरतो. कामगार प्रामुख्याने तमिळ भागातून आणलेले, त्यांत दलित समाजातील कुटुंबे मोठ्या संख्येने होती. त्यांची नातवंडे आज पहाटेच्या गाडीने बंगळुरूला कामाला जातात आणि रात्री परत येतात. त्या गाडीत मी उभा होतो. सोन्याच्या गावात रोजगार उरला नाही, ही गोष्ट कोणत्याही फलकावर लिहिलेली नाही, पण ती त्या गाडीत दिसते.

वालझिरी (चाळीसगाव)

अंजनीतीर यांच्या लिखाणात एक भर घालतो. मी भौतिकशास्त्र शिकवत असे. वैश्विक किरणांमुळे वातावरणात निर्माण होणारे न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण १९६५ मध्ये ज्या दोन ठिकाणी प्रथम टिपले गेले, त्यांपैकी एक कोलारची खाण होती आणि दुसरे दक्षिण आफ्रिकेतील सोन्याची खाण. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानमधील ओसाका आणि इंग्लंडमधील डरहॅम विद्यापीठांसह हा प्रयोग दोन किलोमीटरहून अधिक खोलीवर केला. वरचा खडक इतर किरणांना अडवतो, म्हणून एवढी खोली हवी होती. उपकरणे खाली नेणारे आणि ती जागा सुरक्षित ठेवणारे खाणकामगारच होते. उद्या तेथे संग्रहालय झाले, तर हा प्रयोग आणि ते कामगार एकाच दालनात दाखवले जावेत, असे मला मनापासून वाटते.

कसोटी (जळगाव)

अंजनीतीर, आपले लिखाण वाचून बराच वेळ काही सुचले नाही. कोलारला पर्यटकाला खाणीत उतरू देतात का?

तापीकाठ यांनी वाळू धुण्याबद्दल लिहिले, त्यावरून आमच्याकडच्या झारेकऱ्यांची आठवण झाली. सराफ बाजारातील दुकानांपुढची धूळ आणि गटारातील गाळ गोळा करून, तो पसरट भांड्यात पाण्याने फिरवत सोन्याचे कण वेगळे करणारी ही मंडळी. हलके ते पाण्याबरोबर जाते आणि जड ते तळाशी राहते, एवढ्याच तत्त्वावर त्यांचे घर चालते. बॅलरॅटचा पर्यटक तोच प्रयोग हौसेने करतो, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. तेथे हौसेने तवा फिरवणाऱ्याला निदान एवढे कळत असेल की तासाभराच्या श्रमानंतर तळाशी किती थोडे उरते.

अंजनीतीर (एरंडोल)

नाही, खाणीत उतरता येत नाही. खालचे मार्ग पाण्याने भरलेले आहेत आणि आवारांत प्रवेशाला मनाई आहे. बाहेरून गाव पाहायचे, जुन्या कामगारांशी बोलायचे, एवढेच शक्य आहे. स्थानिक माणूस बरोबर असल्याशिवाय जाऊ नये. बेवारस विवरे आणि खचलेली जमीन धोक्याची आहे.

सातपुडावारा (शहादा)

बॅलरॅटविषयी दोन गोष्टी कोणी लिहिल्या नाहीत, म्हणून लिहिते.

ती भूमी वाडावुरुंग या मूळ रहिवाशांची होती आणि आहे. सोन्यासाठी जंगल तुटले, ओढे गढूळ झाले, शिकारीची कुरणे गेली. आम्ही शहादा-तळोद्याकडची माणसे भिल्ल आणि पावरा समाजाच्या शेजारी वाढलो आहोत. डोंगरातील जमिनीवर बाहेरच्याची नजर पडली की आधी तेथल्या माणसाचा जंगलावरचा हक्क जातो, हे आम्हाला वेगळे सांगावे लागत नाही. म्हणून अशा ठिकाणी गेल्यावर मी आधी हे पाहते की सोने ‘सापडण्यापूर्वी’ तेथे कोण राहत होते, हे सांगितले आहे की नाही.

दुसरी गोष्ट चिनी खाणकामगारांची. १८५५ मध्ये व्हिक्टोरियाच्या सरकारने कायदा केला की बंदरात उतरणाऱ्या प्रत्येक चिनी माणसामागे १० पौंड कर द्यावा. तो टाळण्यासाठी हजारो लोक शेजारच्या दक्षिण ऑस्ट्रेलियातील रोब या बंदरात उतरले आणि तेथून शेकडो किलोमीटर पायी चालत सोन्याच्या गावांत पोहोचले. सॉव्हरिन हिलमध्ये चिनी वस्तीचा भाग आहे. काकांनी तेथे अवश्य थांबावे. बहुतेक लोक सोने ओतण्याची वेळ गाठण्याच्या घाईत तेथून पुढे निघून जातात.

तापीकाठ (भुसावळ, सध्या मेलबर्न)

सातपुडावारा ताईंचे म्हणणे योग्य आहे. त्यात आणखी एक जोडतो, ते म्हणजे युरेका, बॅलरॅटच्या खाणकामगारांचा उठाव. खोदण्यासाठी दरमहा परवाना-शुल्क द्यावे लागे, मग सोने सापडो वा न सापडो. पोलीस खड्ड्याखड्ड्यावर जाऊन परवाने तपासत आणि नसलेल्यांना पकडून नेत. मतदानाचा हक्क मात्र या लोकांना नव्हता. अखेर खाणकामगारांनी परवाने जाळले, लाकडी कुंपण उभारले आणि ३ डिसेंबर १८५४ च्या पहाटे सैन्याने त्यावर हल्ला केला. वीसहून अधिक खाणकामगार मारले गेले. पुढे १३ जणांवर राजद्रोहाचे खटले चालले आणि सर्व निर्दोष सुटले. जाचक मासिक परवाना रद्द झाला. त्यांचा नेता पीटर लेलर या लढाईत एक हात गमावून बसला आणि पुढे निवडून येऊन विधिमंडळात गेला. लढाईतील फाटका निळा ध्वज बॅलरॅटमधील युरेका सेंटरमध्ये जपून ठेवला आहे. काका, आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्या ध्वजापुढे आहे.

दीपनगरकर (भुसावळ)

परदेशात किंवा कर्नाटकात जाण्याआधी नागपूरजवळचे सावनेर पाहा, असे मी सुचवीन. वेकोलि (वेस्टर्न कोलफील्ड्‌स ही सरकारी कोळसा कंपनी) आणि महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ यांनी मिळून तेथे खाण-पर्यटन सुरू केले. शिरस्त्राण घालून भूमिगत कोळसा खाणीत उतरता येते आणि वर उद्यान केले आहे. जाण्यापूर्वी फेऱ्या चालू आहेत का, याची चौकशी करावी.

माझी सारी नोकरी औष्णिक वीज केंद्रात गेली. रोज कोळशाच्या वाघिणी उतरताना पाहिल्या, पण कोळसा जेथून निघतो ती जागा निवृत्तीनंतर प्रथम पाहिली. खाली उतरल्यावर पहिल्यांदा जाणवते ती हवेतील ओल आणि दुसऱ्यांदा आपल्याच दिव्याचा छोटासा गोल. त्या गोलाबाहेर काहीही नसते. छताला आधार देणारे खिळे, वायू तपासण्याचे उपकरण, पाणी उपसण्याचे पंप, हे सर्व समजावून सांगणारा माणूस स्वतः कामावरचा होता. त्यामुळे विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला त्याच्याकडे अनुभवातले उत्तर होते. ‘छत बोलते, ते ऐकायला शिकावे लागते’, असे तो म्हणाला. हे वाक्य पुस्तकात वाचून कळले नसते.

पाटणादेवी (चाळीसगाव, सध्या एसेन)

दीपनगरकर यांच्या शेवटच्या मुद्द्याशी मी पूर्ण सहमत आहे आणि त्याला जर्मनीतून पुरावा देतो. मी एसेनमध्ये राहतो. येथील झोल्फेराइन कोळसा खाण १९८६ मध्ये बंद झाली आणि २००१ मध्ये जागतिक वारसा यादीत गेली. सारे पाडून जागा विकणे सोपे होते. त्याऐवजी कोळसा धुण्याच्या प्रचंड इमारतीत रूर संग्रहालय केले, इतर इमारतींत कलाशाळा, कार्यालये आणि उपाहारगृहे आली. यंत्रे जागच्या जागी ठेवली. नवीन रंग देऊन ती सजवली नाहीत.

परंतु मला परत परत तेथे नेते ती वेगळीच गोष्ट. पाहुण्यांना फेरी घडवणाऱ्यांत पूर्वीचे खाणकामगार आहेत. एक वृद्ध गृहस्थ पट्ट्यावरून धावणाऱ्या दगडातून कोळसा वेगळा करण्याचे काम सांगताना हात आपोआप तसेच हलवू लागले. संपूर्ण जर्मनीतील दगडी कोळशाचे भूमिगत खाणकाम २०१८ च्या डिसेंबरात शेजारच्या बॉट्रॉपमध्ये संपले. याचा अर्थ असे सांगणारे लोक आणखी काही वर्षेच भेटतील. म्हणून अंजनीतीर यांना मी म्हणेन की मूळ जागा की रचलेली जागा, हा वाद दुय्यम आहे. ज्याने काम केले, त्याच्या तोंडून ते ऐकायला मिळते का, हे पाहावे.

अंजनीतीर (एरंडोल)

मान्य. परंतु बॅलरॅटमध्ये १८५४ चा माणूस कोठून आणणार?

पाटणादेवी (चाळीसगाव, सध्या एसेन)

तेथे त्याची पत्रे, खटल्याचे कागद, दैनंदिनी आणि तो ध्वज आहे. म्हणूनच जी गावे आज बंद पडत आहेत, त्यांच्या बाबतीत घाई करायला हवी.

वाघूरकर (जामनेर)

चर्चेत एक बाजू राहून जाते आहे. वारसा-पर्यटन आले म्हणजे गावाचे पोट भरले, असे समजू नये. आमच्याजवळ अजिंठा आहे. १९८३ पासून तो जागतिक वारसा आहे. फर्दापूर फाट्यावर गाड्या थांबवून पुढे बसने न्यायची व्यवस्था झाली, ती लेण्यांसाठी चांगलीच आहे. पण त्या फाट्यावर स्फटिक आणि गारगोट्या विकणाऱ्या माणसाचा दिवस पाहा. पावसाळा आणि हिवाळ्याच्या सुट्ट्या सोडल्या, तर उन्हाळ्यात तो रिकामा बसतो. खाणीत किंवा गिरणीत बाराही महिने पगार होता, संघटना होती, निवृत्तीनंतर काही हाती पडत होते. तिकिटाच्या खिडकीवर आणि चहाच्या टपरीवर तेवढ्या माणसांना काम मिळत नाही. बंद पडलेल्या उद्योगाची जागा पर्यटन भरून काढील, असे आश्वासन कोणी दिले की मला भीती वाटते.

पाटणादेवी (चाळीसगाव, सध्या एसेन)

वाघूरकर, आपण म्हणता ते एसेनच्या भोवतालच्या रूर या खाण-प्रदेशातही खरे आहे. झोल्फेराइनला खूप लोक येतात, तरी एसेनच्या उत्तरेकडील वस्त्यांत बेरोजगारी अधिक आहे. त्या प्रदेशाने विद्यापीठे आणि रुग्णालये यांवर भर दिला म्हणून तो तगला. संग्रहालयाने स्मृती जपली. पोटाचा प्रश्न वेगळ्या मार्गाने सोडवावा लागला.

पीजेप्रवासी (शेंदुर्णी)

सर्व प्रतिसाद वाचले. आपल्या खान्देशात खोल खाणी नाहीत, कारण आपल्या पायाखाली लाव्हाचा काळा पाषाण आहे आणि आपल्याकडे खाण म्हणजे दगडाची. म्हणून हा विषय परका आहे, असे कोणाला वाटेल. मला तसे वाटत नाही. आमची पाचोरा-जामनेर छोटी गाडी, सर्वांची ‘पीजे’, शंभर वर्षे धावून २०२० मध्ये थांबली. ५६ किलोमीटरच्या त्या अरुंद मार्गावर वरखेडी, शेंदुर्णी, पहूर ही गावे बाजाराला, शाळेला, दवाखान्याला जोडलेली होती. आता तेथे मोठा रूळमार्ग येणार, आणि तो यायलाच हवा. परंतु एखादे जुने स्थानक, एक इंजिन, दोन डबे आणि त्या गाडीवर आयुष्य काढलेल्या गँगमनच्या आठवणी तरी ठेवता येतील की नाही? पाटणादेवी यांनी लिहिलेली घाई मला येथे दिसते.

बोरीकाठ (अमळनेर)

पीजेप्रवासी, आमच्या अमळनेरची प्रताप मिल आठवा. १९०६ मध्ये प्रतापशेठ यांनी ती सुरू केली. त्यांच्याच दातृत्वातून शाळा उभी राहिली आणि १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर आले. साने गुरुजी त्याच शाळेत शिकवत होते आणि पुढे गिरणी कामगारांमध्येही त्यांनी काम केले. गिरणीच्या भोंग्यावर गावाचे घड्याळ चालत असे. गुरुजींविषयी आणि शेठजींविषयी लिहिलेले पुष्कळ सापडते. यंत्रावर उभे राहिलेल्या कामगाराविषयी मात्र फारच थोडे. माझे वडील त्या गिरणीत सूतकताई खात्यात होते. कापसाचे तंतू फुप्फुसात जाऊन त्यांना कायमचा खोकला जडला होता. ते हयात असताना त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित केलेले नाही, पण त्यांचे सहकारी अद्याप गावात आहेत.

उनपदेव (चोपडा)

आमच्याकडे जुने सांभाळण्याची इच्छा आहे, पण ते ठेवायचे कोठे हे कोणी सांगत नाही.

वालझिरी (चाळीसगाव)

धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे, तेथे कागद जपण्याची परंपरा आहे. ध्वनिमुद्रणासाठी मात्र इमारत लागत नाही, भ्रमणध्वनी पुरतो. माणसाचे नाव, खाते, कामाचा काळ आणि त्याची संमती आरंभीच नोंदवावी. नंतर त्या मुद्रणाला अर्थ राहतो.

दोराबारी (पारोळा)

मी इंडोनेशियात पाडांग येथे सिमेंट उद्योगात काही काळ होतो. त्याच प्रांतात सावाहलुंटो हे कोळशाचे जुने गाव आहे. २०१९ मध्ये ओम्बिलिन कोळसा खाण या नावाने ते जागतिक वारसा झाले. या चर्चेत त्याचा उल्लेख व्हावा असे वाटले, कारण कसोटी यांच्या प्रश्नाला त्या गावाने दिलेले उत्तर मला सर्वांत प्रामाणिक वाटले.

डच राजवटीने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात तेथे खाणी सुरू केल्या आणि डोंगरातून समुद्रापर्यंत सुमारे दीडशे किलोमीटरचा रेल्वेमार्ग टाकला. मजूर कमी पडत, म्हणून जावा आणि इतर बेटांवरून कैदी आणले. त्यांच्या पायांत साखळदंड असत. तेथील भाषेत त्यांना ‘ओरांग रांताई’, म्हणजे साखळीची माणसे, म्हणत. आज एका जुन्या बोगद्यात पर्यटकाला शिरस्त्राण आणि बूट घालून नेतात. भिंतींतून पाणी पाझरत असते. दुसरीकडे कामगारांसाठी अन्न शिजवण्याचे सार्वजनिक स्वयंपाकघर आहे, त्याचे आता संग्रहालय झाले आहे. तेथील भांडी पाहून आपल्याकडच्या भंडाऱ्याच्या कढया लहान वाटतात. पर्यटनाच्या फलकांवर साखळदंडाचा इतिहास लपवलेला नाही. तो पहिल्याच दालनात सांगतात, आणि सांगणाऱ्यांत त्या कैद्यांचे वंशजही आहेत. कैद्यांच्या कबरींवर नावे नाहीत, क्रमांक आहेत. गाव या इतिहासाची लाज बाळगत नाही आणि त्याचा तमाशाही करत नाही.

सातपुडावारा (शहादा)

दोराबारी, हे फार मोलाचे लिहिलेत. पहिल्याच दालनात काय सांगतात, ही कसोटी मी यापुढे लक्षात ठेवीन.

गिरणामाई (चाळीसगाव)

तव्यात वाळू धुताना मुलांना सोने मिळाले नाही, तर ती रुसतात का? आमचा नातू सात वर्षांचा आहे.

तापीकाठ (भुसावळ, सध्या मेलबर्न)

गिरणामाई, तेथे शिकवणारी माणसे असतात. तवा कसा तिरका धरायचा आणि पाणी कसे फिरवायचे हे ती दाखवतात. थोडा धीर धरला तर बारीक चमकते कण बहुधा दिसतात. माझ्या मुलाने कुपीत ठेवून आणले.

कसोटी (जळगाव)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. इतके तपशील मिळतील, असे वाटले नव्हते. विचार करून असे ठरवले आहे की बॅलरॅटला मुलीच्या घरच्यांबरोबर एक दिवस सॉव्हरिन हिल पाहायचे आणि मुक्काम करून दुसरा दिवस शहर, युरेकाचा ध्वज आणि लिडियार्ड स्ट्रीट यांसाठी ठेवायचा. चिनी वस्तीत आधी जायचे आणि सोने ओतण्याचे प्रात्यक्षिक शेवटी पाहायचे. परत आल्यावर थंडी संपण्याआधी कोलार. अंजनीतीर, आपण बरोबर आलात तर मला मोठा आधार होईल. पेढीवरची दोन तरुण मुलेही न्यावीत असा विचार आहे. सोने विकणाऱ्याने कोलारच्या त्या टेकड्या एकदा तरी पाहिल्या पाहिजेत.

बोरीकाठ यांना एक विनंती. आपल्या वडिलांच्या सहकाऱ्यांशी बोलायला आपण जाणार असाल, तर मीही अमळनेरला येईन. लिहून घेण्याचे काम मला जमते.

अंजनीतीर (एरंडोल)

अवश्य येतो. जानेवारी ठरवू. बंगारपेठला उतरून पुढची गाडी धरू, मोटार नको. त्या गाडीत बसल्याशिवाय कोलार कळत नाही.

बोरीकाठ (अमळनेर)

कसोटीकाका, जरूर या. सूतकताई आणि विणाई या दोन्ही खात्यांतील माणसे आहेत. दुपारी बोलायला बसतात. दोघांना ऐकायला कमी येते, त्यामुळे प्रश्न मोठ्या अक्षरांत लिहून आणले तर सोयीचे होईल.

तापीकाठ (भुसावळ, सध्या मेलबर्न)

काका, दुसऱ्या दिवशी वेळ उरला तर क्रेसविकला जा. बॅलरॅटच्या उत्तरेला लहानसे गाव आहे. १८८२ च्या डिसेंबरात तेथील न्यू ऑस्ट्रलेशियन खाणीत शेजारच्या जुन्या बोगद्यातील पाणी घुसले. २७ माणसे आत अडकली. पाणी उपसायला दोन दिवसांहून अधिक काळ गेला आणि पाच जण जिवंत निघाले. उरलेल्या २२ जणांपैकी काहींनी आपल्या जेवणाच्या डब्यांच्या पत्र्यावर घरच्यांसाठी निरोप खरवडून ठेवले होते. ऑस्ट्रेलियातील सोन्याच्या खाणींत याहून मोठा अपघात झाला नाही. गावाच्या दफनभूमीत त्यांचे स्मारक आहे. बॅलरॅटहून मेरीबरोकडे जाणारी गाडी क्रेसविकला थांबते, पण दिवसातून फारच थोड्या फेऱ्या असतात. परतीची वेळ आदल्या दिवशीच पाहून ठेवा, किंवा जावईबापूंची मोटार घ्या. मुक्कामासाठी शनिवार-रविवार टाळलात तर खोल्या स्वस्त मिळतील. तारखा ठरल्या की मला कळवा, स्थानकावर मी येईन.